आर्वोच्या कपाळावरची चंद्रकोर

लेम्पीने नवऱ्याचा लाल चौकड्यांचा लोकरी शर्ट इस्त्रीसाठी टेबलावर पालथा पसरला आणि तिचा हात मध्येच थांबला. शर्टाचा मागचा घेर जिथे असायला हवा होता तिथे काहीच नव्हते. उंदराने कुरतडावा तसा कात्रीने वेडावाकडा कापलेला काठ तेवढा होता.

"हासुद्धा?" तिने विचारले.

खिडकीपाशी मासिक वाचत बसलेल्या आर्वोने मान आणखी खाली घातली.

"मी तुझ्याशी बोलतेय. शर्टाशी नाही."

"गेल्या हंगामात जरा नेम चुकला," आर्वो मासिकाला म्हणाला.

"गेल्या हंगामात हा. त्याच्या आदल्या साली हिरवा. त्याच्या आधी माझ्या बहिणीनं विणून दिलेला निळा, तो तर एकदाच अंगाला लागला होता. लोकांचे नवरे शिकारीहून हरीण घेऊन येतात. माझा येतो तो उघड्या कमरेनं!"

रीत ती रीत. नोव्हेंबरच्या मध्यावर हरणांचा हंगाम उघडला, की सुपीरियर सरोवराच्या त्या काठाला शाळासुद्धा बंद असतात, आणि जो तो आपापल्या रानातल्या कॅम्पवर जातो. तिथे ज्याचा बार हरणाला न लागता फुकट जाईल, त्याच्या शर्टाचे शेपूट संध्याकाळी सगळ्यांसमोर कापायचे आणि भिंतीवर खिळ्याने ठोकायचे. पेल्कोनेन बंधूंच्या, म्हणजे आर्वो आणि त्याचा थोरला भाऊ सुलो यांच्या कॅम्पवर शेगडीमागची भिंत अशा शेपटांनी भरून गेली होती. नवा माणूस आला तर त्याला वाटावे, इथे कोणी शिंपी राहत होता आणि त्याला वेड लागले. त्यातली बहुतेक शेपटे आर्वोची होती.

आर्वोने याचा दोष आपल्या डोळ्यांना दिला होता. बापाच्या जुन्या रायफलीवर दुर्बीण नव्हती. नळीच्या टोकावरची लोखंडी माशी आणि मागची खाच एका रेषेत आणून नेम धरायचा. अलीकडे त्याला एकाऐवजी दोन माशा दिसत. कोणती खरी हे ठरेपर्यंत हरीण पुढच्या तालुक्यात गेलेले असे. आणि आता या मासिकात एका स्वस्तातल्या बोल्टवाल्या रायफलीवर लेख आला होता. प्लॅस्टिकचा दस्ता, वजनाला हलकी, वर दुर्बीण बसवूनच मिळणारी. लेख त्याने इतक्यांदा वाचला होता, की त्या पानाचा कोपरा जुन्या नोटेसारखा मऊ झाला होता.

"घ्यायचीय का ती?" लेम्पीने विचारले.

"तसं काही नाही."

"मग नको घेऊस."

"तसंही नाही गं."

लेम्पीने इस्त्री आपटली. या माणसाने चहाची किटली घ्यायला दोन हिवाळे लावले होते, हे तिला ठाऊक होते. शाळेची बस चालवताना मात्र तो बर्फात कोणत्या वळणावर काय करायचे ते क्षणात ठरवी. बसमधून उतरला, की त्याचे प्रत्येक घोंगडे भिजत पडायचे.

पण या वेळी घोंगडे नुसते भिजत नव्हते, अडकले होते. बाप वारला तेव्हा त्याची रायफल थोरल्या मुलाकडे, म्हणजे सुलोकडे जायची होती. सगळ्या गावात तीच चाल. पण दफन आटोपून लोक चर्चच्या तळघरात कॉफी पीत असताना सुलो उठला, ती रायफल घेऊन आला आणि सगळ्यांदेखत त्याने ती आर्वोच्या हातात ठेवली. "तू घे. तुझ्या हातात शोभते," एवढेच म्हणाला. पेल्कोनेन घराण्यात प्रेमाचे बोलायची पद्धत नव्हती. त्या घराण्याच्या हिशेबाने हे एक अख्खे भाषण झाले. आर्वोला तिथेच रडू फुटले. आपल्यासाठी आयुष्यात कोणी काही केले असेल तर ते हे, असे त्याला अजून वाटे. आता तीच रायफल खुंटीला टांगून दुकानातले प्लॅस्टिक खांद्याला लावायचे, तेही सुलोच्या डोळ्यांसमोर?

सुलो समोरच, रस्त्यापलीकडे राहायचा. त्याची बायको इल्मा गेल्यापासून एकटाच. रोज सकाळी नऊ वाजता तो मागच्या दाराने यायचा, बूट झटकायचा, वेलदोड्याच्या गोड पावाचा तुकडा कॉफीत बुडवायचा आणि हवेबद्दल एक वाक्य बोलायचा. दिवसभरातले त्याचे बोलणे बहुधा तेवढेच.

मंगळवारी सकाळी आर्वो धुराड्याचा पत्रा आणायला व्हर्नाच्या दुकानात गेला. व्हर्नाच्या दुकानात खिळे, गळाला लावायचे गांडूळ, वाढदिवसाची शुभेच्छापत्रे आणि रायफली, सगळे एकाच काउंटरवर मिळायचे. पत्रा हातात घेऊन आर्वो उभा राहिला आणि भिंतीकडे बघत नसल्यासारखे भिंतीकडे बघू लागला.

"काढू का खाली?" व्हर्ना म्हणाली.

"काय?"

"जिच्याकडे तू बघत नाहीयेस ती."

"मी आपला सहज..."

"गेल्या आठवड्यातही सहजच होतं. आर्वो, लग्नाआधी लेम्पीलासुद्धा तू इतक्यांदा बघितलं नसशील! घे हातात. चावत नाही."

आर्वोने ती हातात घेतली. काडतूस आत सरकवणारा बोल्टचा दांडा वर उचलला, मागे ओढला, पुढे ढकलला. लोणी लावल्यासारखा सरकला. त्याने दुर्बिणीला डोळा लावला तर रस्त्यापलीकडच्या बँकेच्या दारावरची सुट्टीची पाटी स्पष्ट वाचता आली, आणि दाराची मूठही एकच दिसली.

"घेऊन जा," व्हर्ना म्हणाली. "खडीच्या खाणीत दोन-चार बार काढून बघ. पटली तर ठेव, नाही तर परत आण. तुझ्यावर नाही विश्वास ठेवायचा तर कुणावर?"

"पण व्हर्ना, सुलोला यातलं काही..."

"मी कशाला सांगतेय?" व्हर्नाने छातीवर हात ठेवला.

त्या गावात गोष्ट गुप्त ठेवायची असेल तर व्हर्नाला सांगत नसत आणि दवंडी पिटायची असेल तर तिला सांगून वर्तमानपत्राचा खर्च वाचवत. पण आर्वोच्या डोळ्यांपुढे अजून ती दाराची एकुलती एक मूठ होती.

खडीची खाण गावाबाहेर. हंगामाआधी सगळे तिथे येऊन आपापल्या रायफलीचा नेम जुळवून घेतात. कामाच्या दिवशी सकाळी तिथे चिटपाखरू नसेल अशा हिशेबाने आर्वो दुकानातून तडक तिथे गेला. क्लाइडही त्याच हिशेबाने आला होता. बर्फ काढायच्या गाडीवरून निवृत्त झालेला हा क्लाइड घडीच्या खुर्चीवर बसून कॉफी पीत होता.

"अरे वा! नवीन वाटतं?"

"माझी नाही. बघायला आणलीय."

"सुलो काय म्हणाला?"

"त्याला नको सांगूस."

"मी कशाला सांगतोय?" क्लाइडही म्हणाला. "हे बघ, हलकी बंदूक आहे. लाथ मारेल. डोळा दुर्बिणीपासून लांब ठेव."

आर्वोने मान डोलावली. पण मान डोलावते ती वेगळी आणि दस्त्यावर टेकते ती वेगळी. आयुष्यभर त्याने बापाच्या रायफलीवर गाल अगदी पुढे सरकवून, माशी शोधत नेम धरला होता. गाल आपल्या सवयीने पुढे सरकला. दुर्बिणीतून लांबचा कागद ताटात वाढल्यासारखा जवळ दिसला. आर्वोने श्वास सोडला आणि चाप ओढला.

आधी धडाम झाले, मग कपाळात टणकन काहीतरी झाले आणि मग आकाश दिसले.

क्लाइडने आधी स्वतःच्या दुर्बिणीतून कागद पाहिला. "मधोमध!" तो ओरडला. "आर्वो, अगदी मधोमध रे!" मग त्याने आर्वोकडे पाहिले. "अरेरे."

उजव्या भुवईच्या वर, दुर्बिणीच्या गोल कडेने कोरून काढलेली रेखीव चंद्रकोर उमटली होती आणि तिच्यातून रक्ताचा ओघळ नाकावर येत होता.

"टाके नकोत," क्लाइडने रुमाल दाबत निदान केले. "पण हंगाम संपेपर्यंत मिरवावी लागणार."

आर्वोला खरे लागले ते हे वाक्य. दुखण्याचे त्याला काही नव्हते. पण त्या मुलखात ही चंद्रकोर पाळण्यातल्या पोरालाही वाचता येते. लाथ मारणारी, दुर्बीणवाली रायफल आणि फार पुढे नेलेला डोळा, एवढाच तिचा अर्थ. दुसरा होतच नाही. आणि बापाच्या रायफलीवर दुर्बीण नाही हे सगळ्या जगाला माहीत होते. ज्याच्यापासून लपवायचे त्यालाच कळावे म्हणून आर्वोने जणू ती गोष्ट स्वतःच्या कपाळावर लिहून घेतली होती.

दुपारी त्याने रायफल परत नेऊन दिली, "विचार करतो" म्हणाला आणि व्हर्नाचे हसू पाठीवर झेलत घरी आला.

"कुठे धडपडलास?" लेम्पी धावत आली.

"कपाटाच्या दाराला आपटलो."

लेम्पीने त्याची हनुवटी धरून कपाळ खिडकीकडे वळवले आणि क्षणभर बघितले. "आपल्या कपाटाला दुर्बीण कधी बसवलीस?"

मग आर्वोने सगळे सांगितले. लेम्पीने जखम धुतली, वर चिकटपट्टी लावली आणि म्हणाली, "जा आणि सुलोला सरळ सांग. तो काय तुला खाणार आहे?"

"खाल्लं तर परवडेल गं. तो काहीच बोलणार नाही. 'बरं' म्हणेल आणि घरी जाऊन एकटा बसेल. स्वतःच्या हक्काची वस्तू त्यानं मला दिली, लेम्पी. आणि मी ती... धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय माझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता आर्वो स्वयंपाकघरात कानटोपी भुवयांपर्यंत ओढून बसला. लेम्पीने पाव कापला, तीन कप मांडले. सव्वानऊ झाले. साडेनऊ झाले. सुलो आला नाही.

आर्वोला आधी हायसे वाटले. हायसे वाटल्याची लाज वाटली. मग काळजी वाटू लागली. त्याने फोन लावला.

"कॉफी झालीय."

"जरा काम आहे," सुलो म्हणाला.

"कसलं?"

"लाकडं रचतोय."

फोन ठेवून आर्वो खिडकीशी गेला. सुलोची लाकडे उन्हाळ्यातच छतापर्यंत रचून झाली होती. गावातली सगळ्यात नीटनेटकी रास म्हणून लोक ती दाखवत.

"त्याला कळलं," आर्वो म्हणाला.

गुरुवारीही सुलो आला नाही. दुपारी तो टपालपेटीपर्यंत येताना दिसला. कोटाची टोपी कपाळावर घट्ट आवळलेली, मान खाली. आर्वो बाहेर पडवीत उभा आहे हे दिसताच त्याने चक्क पाठ फिरवली आणि तसाच आडवा-तिडवा, खेकड्यासारखा घरात गेला. सुलोने त्याच्याकडे पाठ करावी, असे सबंध आयुष्यात घडले नव्हते. लहानपणी आर्वो बर्फाच्या तळ्यात पडला तेव्हा सुलो त्याला ओढून काढून घरापर्यंत पाठुंगळीला घेऊन आला होता. त्या घराण्यात पाठीचा उपयोग तेवढाच ठाऊक होता.

इकडे गावाने आर्वोचे जगणे कठीण केले. टपालवालीने विचारले तेव्हा तो म्हणाला, लाकडाची ढलपी उडाली. पाद्रीबाबांना सांगितले, फांदी लागली. क्लाइडला काही सांगायचे नव्हते, तर क्लाइड त्याला बघूनच रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून पोट धरून हसला. शुक्रवारी ढलपी आणि फांदी यांची व्हर्नाच्या काउंटरवर गाठ पडली. पाद्रीबाबांनी लेम्पीला फोन केला.

"आर्वोला सांगा, खोटं बोलण्याबद्दल मी रागावलो नाही," ते म्हणाले. "माझ्याही कपाळावर होती एक. पाद्री होण्याचं शिक्षण घेत असतानाची. मी सांगितलं होतं, प्रार्थना करताना बाकावर आपटलो."

पण या सगळ्यात आर्वोला हसू येत नव्हते. त्याने दोन दिवसांत धड जेवण केले नव्हते. लेम्पीने मटण-बटाट्याचे सारण भरलेली, करंजीसारखी पेस्टी भाजून समोर ठेवली तर तो तिच्या कडा मोडत बसला. "नऊ वाजले की अजून दाराकडे बघतो मी," तो म्हणाला. सुलोचा रिकामा कप तिनेही उचलून ठेवला नव्हता.

आणि मग शनिवार आला. शनिवारी सौना.

आर्वोच्या घरामागे सौना होती, वाफेत घाम गाळायची लाकडी खोली, बापाने बांधलेली. त्यात दोघे भाऊ आयुष्यभर शनिवारी एकत्र बसले होते. वादळातही बसले होते. इल्माला पुरून आले त्या शनिवारीही बसले होते; त्या दिवशी सुलो बराच वेळ वाफेत बसून राहिला आणि त्याच्या तोंडावरचे सगळे पाणी वाफेचेच आहे असे आर्वो धरून चालला. तेव्हा आज सुलो आला नाही, तर मग काही शिल्लक राहिले नाही, हे आर्वोला कळत होते. आणि आला तर? सौनेत माणूस जन्मला तसा बसतो. तिथे कानटोपी कुठून घालणार?

दुपारी त्याने शेगडी पेटवली. संध्याकाळी डोक्याला टॉवेल गुंडाळून, त्याचे टोक भुवयांवर ओढून तो दाराशी आला.

"काय रे हे?" लेम्पी म्हणाली. "बाळंतीण दिसतोस!"

"डोकं गार पडतं."

"सौनेत?"

आत शिरला तर वरच्या फळीवर, अगदी कोपऱ्यातल्या अंधारात सुलो आधीच येऊन बसलेला. त्यानेही डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. आला तर खरा! पण सुलोने वर पाहिले नाही. आर्वोही फळीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसला.

"पाणी टाकू?"

"टाक."

तापलेल्या दगडांवर पाणी चुरचुरले, वाफेचा लोट वर आला. दोन्ही टॉवेल जागच्या जागी.

"गरम आहे," थोड्या वेळाने सुलो म्हणाला.

"हं. सौनाच ती."

पुन्हा पाणी. पुन्हा वाफ. आर्वोला टॉवेलाच्या आत आपला मेंदू रटरटतोय असे वाटू लागले. सुलोच्या बाजूनेही भात्यासारखा आवाज येत होता. पण पेल्कोनेन घराण्यात आधी उठण्याची पद्धत नव्हती. शेवटी चिकटपट्टीनेच हार मानली. घामाने सुटून ती टॉवेलाखालून घसरली, आर्वोच्या नाकावर क्षणभर टेकली आणि तिथून थेट सुलोच्या पायाजवळ जाऊन पडली.

सुलोने वाकून ती उचलली. उजेडाकडे धरून पाहिली. आर्वोने डोळे मिटले.

"सुलो," तो म्हणाला, "मी तुला सांगणारच होतो. ती बंदूक घ्यायचं माझं अजून ठरलं नाहीये. नुसती झाडून बघितली. मला आता माशी दिसत नाही रे नीट, दोन दोन दिसतात. तू दिलीस ती रायफल मी कधी टाकून देणार नाही, खुंटीलाच राहील, रोज तेल लावीन. पण तू रागावू नकोस. कॉफीला ये."

मग टॉवेल सुटल्याचा आवाज. आर्वोने डोळे उघडले.

सुलोच्या उजव्या भुवईवर, अगदी त्याच जागी, तशीच रेखीव चंद्रकोर होती. थोडी मोठीच.

"तू?"

"मी."

"कधी?"

"मंगळवारीच. संध्याकाळी. व्हर्ना म्हणाली, 'मी काही सांगणार नाही, पण तुझा भाऊ ती बंदूक बघतोय.' म्हटलं, स्वस्तातला माल. कुणास ठाऊक कशी असेल. तू तर दुकानदाराला नाही म्हणत नाहीस. म्हणून आधी आपण झाडून बघावी, खराब असली तर व्हर्नाला दम द्यावा."

"खाणीत कुणी नव्हतं?"

"क्लाइड होता. म्हणाला, डोळा लांब ठेव."

"मग?"

"मी म्हटलं, तू मला शिकवतोस?"

आर्वोच्या पोटातून एक विचित्र आवाज आला. हसू आहे हे त्याला स्वतःलाच उशिरा कळले. "म्हणून क्लाइड हसत होता! आणि तू म्हणून आला नाहीस कॉफीला? मला वाटलं, तू रागावलास."

"तू माझ्यापासून लपवत होतास. मग मला कळलंय हे तुला कसं कळू देऊ? लाकडं रचली. पाडली, परत रचली."

दोघेही आता मोकळ्या डोक्याने बसले होते. आर्वोला इतके हलके वाटत होते, की त्याने नको ते बोलून टाकले. "तू ती रायफल मला दिलीस ना, सुलो, त्या दिवशी... तसं मला कधी कुणी..."

सुलोने झटकन डबा उचलून दगडांवर इतके पाणी ओतले, की समोरचे काही दिसेना. वाफेतून फक्त त्याचा आवाज आला.

"ती वाकडी आहे."

"कोण?"

"रायफल. नळी वाकलीय. बाबांनी ती पिकअपला टेकवून ठेवली आणि गाडी मागे घेतली. मी शेजारी होतो. मला म्हणाले, आईला सांगू नकोस. त्यानंतर त्यांनीही काही मारलं नाही तिनं."

आर्वोने हाताने वाफ बाजूला सारली. "तुला माहीत होतं?"

"म्हणून तर तुला दिली. मला नको होती."

"आणि भिंतीवरची ती सगळी शेपटं..."

"हं."

"माझे डोळे..."

"डोळे ठीक आहेत तुझे. म्हणजे, वयाच्या मानानं." वाफ जरा विरळ झाली. सुलो स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होता. "घरी आल्यावर सांगणार होतो. पण तू रडलास ना कॉफीच्या वेळी. मग कसं सांगू? पुढच्या वर्षी सांगू म्हटलं. मग त्याच्या पुढच्या. आणि इल्मा गेल्यानंतर मुद्दामच नाही सांगितलं."

"का?"

इतके बोलायची सुलोला सवय नव्हती.

"हरीण मिळालं की माणूस घरी जातो. एका हरणाचा परवाना संपला, काम संपलं. क्लाइड गेल्या साली पहिल्याच सकाळी मारून जेवायला घरी. तुला मिळत नाही, म्हणून तू शेवटच्या दिवसापर्यंत थांबतोस."

"पण तूही थांबतोस की! तुझी रायफल तर चांगली आहे. मला वाटायचं, तुझं नशीबच फुटकं."

"हरणं दिसतात मला," सुलो म्हणाला. "जाऊ देतो."

हात लांब करून आर्वोने डब्यातले उरलेले पाणी दगडांवर ओतले. थोडी वाफ हवी होती, दोघांनाही.

नंतर दोघे बाहेरच्या बाकावर अंगातून वाफा सोडत गार होत बसले. बर्फ भुरभुरत होता. सुलो म्हणाला, "घे तू ती. मी आपला मूर्खपणा सांगितला. मधोमध लागली म्हणे तुझी. क्लाइड सांगत होता."

"तुझी?"

"माझीही." आणि थोड्या वेळाने, अनिच्छेने, "चांगली बंदूक आहे."

सोमवारी सकाळी नऊ वाजता सुलो मागच्या दाराने आला, बूट झटकले आणि म्हणाला, "गारठा वाढणार." लेम्पीने दोघांच्या कपाळांकडे आळीपाळीने पाहिले आणि तोंडाला भांडी पुसायचे फडके लावून ती आतल्या खोलीत गेली. तिथून बराच वेळ तिचा खोकल्यासारखा आवाज येत होता.

कॉफी झाल्यावर आर्वो व्हर्नाच्या दुकानात गेला. व्हर्नाने त्याला बघताच ती रायफल भिंतीवरून उतरवली आणि काउंटरवर आडवी ठेवली.

"मग? बांधू का? पेल्कोनेनांच्या दोन कपाळांनी पास केलेली बंदूक आहे. अशी खात्री मी दुसऱ्या कुणाला देऊ शकणार नाही."

आर्वोने तिच्यावरून हात फिरवला. बोल्ट उचलला, मागे ओढला, पुढे ढकलला. व्हर्नाने घड्याळाकडे पाहिले. किटलीची गोष्ट तिलाही ठाऊक होती. पण या वेळी आर्वोला वेळ लागला नाही.

"बंदूक फार छान आहे," तो म्हणाला.

"मग?"

"सरळ मारते."

"अरे, बंदुकीनं सरळच मारायचं असतं!"

"तेच तर," आर्वो म्हणाला. "आमच्याकडे ते चालायचं नाही." आणि त्याने ती तिच्याकडे सरकवली.

रायफली विकण्यात व्हर्नाचा जन्म गेला होता, पण ही तक्रार तिने आजवर ऐकली नव्हती.

"बरं, बसायच्या त्या जाड गाद्या आहेत का गं?" आर्वोने विचारले. "रानात फळीवर टाकायला. थंडी वर येत नाही त्यांतून."

"आहेत की. एक देऊ?"

"दोन दे," आर्वो म्हणाला. "आम्हाला बराच वेळ बसायचंय."